हॅम्पस्टेडचे घर

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वेस्टमिन्स्टर ॲबे या चर्चमधला कवींच्या स्मारकांचा कोपरा पाहून ‘नुसते नावांचे दगड’ असे तू कळवलेस, ते वाचून हसू आले. बायरनच्या नावाची फरशी तिथे बसायला 1969 साल उजाडले; 1824 साली तो वारला, तेव्हा त्याच्या वर्तनाकडे बोट दाखवून ॲबेने त्याला जागा नाकारली होती. तिथल्या मानपानावरून कवीची किंमत करू नये.

त्यापेक्षा सवड काढून लंडनमधल्याच हॅम्पस्टेडला, कीट्स या इंग्रज कवीच्या घरी जा. त्याचे म्हणजे खरे तर त्याच्या मित्राचे, ब्राउनचे. 1818च्या डिसेंबरात धाकटा भाऊ क्षयाने गेला आणि कीट्स तिथे बिऱ्हाडाला आला. पुढच्या वसंतात एके सकाळी न्याहारीच्या टेबलाजवळची खुर्ची उचलून तो बागेतल्या प्लमच्या झाडाखाली जाऊन बसला, आणि दोन-तीन तासांनी परतल्यावर हातातले कागदाचे कपटे त्याने पुस्तकांमागे कोंबले, असे ब्राउनने लिहून ठेवले आहे. नाइटिंगेल पक्ष्यावरची ती कविता मला बी. ए.ला होती. आजचे झाड मागाहून लावलेले आहे, तेव्हा त्याचे पान वगैरे पाठवू नकोस.

तू मात्र वरच्या निजायच्या खोलीत थोडी जास्त थांब. 3 फेब्रुवारी 1820च्या रात्री तो घोडागाडीच्या बाहेरच्या स्वस्त बाकावर कुडकुडत घरी आला, अंथरुणात शिरताना खोकला आणि चादरीवर रक्ताचा थेंब पडला. त्याने ब्राउनकडे मेणबत्ती मागितली, थेंब निरखला आणि हे धमनीतले रक्त आहे, आता आपण जगत नाही, असे शांतपणे सांगितले. तुझ्यासारखाच तोही लंडनच्या रुग्णालयात शिकलेला होता. तो रंग त्याला ओळखता आला. पुढच्या फेब्रुवारीत, 25व्या वर्षी, तो रोममध्ये वारला.

हे घर पाडायचे घाटत होते, ते लोकांनी वर्गणी काढून वाचवले आणि 1925 साली ते खुले झाले. चर्चिल यांचे चार्टवेल हे घर त्यांच्या हयातीतच, 1946 साली, धनवान मित्रांनी विकत घेऊन जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हवाली केले, आणि वर त्यांना तहहयात राहण्याची मुभाही ठेवली. हा फरक मला आजही बोचतो.

परतताना प्रिमरोज हिलजवळ, 10, किंग हेन्रीज रोड इथे उतर. 1921-22 मध्ये बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते, आणि ते घर 2015 साली आपल्या महाराष्ट्र सरकारने घेतले. दोन्ही घरे एका दिवसात होतात का, ते कळव.

तुझा,
बाबा