बाबांचं नाक काढणाऱ्या मॅडमना

मॅडम,

काल बाबांनी अर्धा पेला पाणी ठसका न लागता प्यायलं. घरात सांगून झालं, आता तुम्हाला सांगते.

स्ट्रोकनंतर पाण्याच्या घोटागणिक ठसका लागायचा. ज्याला विचारावं तो जाता जाता म्हणे, "सावकाश पाजा." अहो, सावकाशच पाजत होते! पुढे न्यूमोनिया झाला, तेव्हा "घरच्यांनी लक्ष द्यायला हवं होतं" हेही ऐकून घेतलं.

तुम्ही आधी बाबांचं गिळणं नीट तपासलंत. मग रिपोर्टच्या पाकिटामागे पेनाने एक माणूस काढलात, नाकाच्या शेंड्यापासून बरोबर मधोमध चिरलेला. मी म्हटलं, "डोळा राहिला." तुम्ही हसलात. "मधोमध चिरला की डोळा येतच नाही. कानही नाही."

नाक वर, तोंड खाली. पण घशाखाली उलटं: श्वासनलिका पुढे, अन्ननलिका मागे. म्हणजे हवेची वाट आणि घासाची वाट घशात एकमेकींना छेदतात. (ही आखणी कोणाची, त्याला एकदा भेटायचंय.) गिळताना टाळूचा मऊ भाग उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो, स्वरयंत्र वर सरकतं, एपिग्लॉटिस नावाची जिभेमागची पाती त्यावर झाकणासारखी झुकते, श्वास थांबतो. सगळं साधारण १ सेकंदात. बाबांचं झाकण उशिरा पडत होतं आणि पातळ पाणी तेवढं थांबत नव्हतं. हनुवटी छातीकडे घेतली की जिभेच्या मुळामागच्या खोबणीत पाण्याला थांबायला जागा होते, हे तुम्ही तिथेच रेघ मारून दाखवलंत. सगळ्याच पेशंटना ही युक्ती चालत नाही, हेही बजावलंत.

पण मनात राहिलंय ते वेगळंच. मध्येच थांबून तुम्ही बाबांकडे निरखून पाहिलंत, चित्रातलं सरळ नाक खोडून पोपटाच्या चोचीसारखं केलंत आणि खाली झुपकेदार मिशी काढलीत. बाबा तोंडाच्या एका कोपऱ्यातून हसले. आजारी पडल्यापासून सगळे त्यांच्याबद्दल माझ्याशी बोलत होते, ते समोर असताना. तुम्ही पाकीट त्यांच्या हातात दिलंत आणि म्हणालात, "काका, हे तुम्ही."

माणसाशी माणसासारखं बोलायला वेगळा वेळ लागत नाही, मॅडम. तुमच्याही दाराबाहेर रांग होतीच की.

पाकीट पलंगाशेजारी चिकटवलंय. बाबा आधी तिकडे बघतात, मग हनुवटी खाली घेतात. काल सवयीने मी "हळू" म्हणाले, तर त्यांनी मिशीवाल्याकडे बोट केलं. शब्द अजून अडखळतात, पण कळलं मला.

"त्याला सांग."