खोक्याचा पुठ्ठा काउंटरवर लावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये २६ वर्षं काढली, त्यातली शेवटची ११ मॅनेजर म्हणून. दोन्ही पाळ्यांची मिळून रोज नऊशे ताटं उठायची. हे मिरवायला सांगत नाही. पुढे जे घडलं त्यात चूक कोणाची, हे वाचणाऱ्याच्या लक्षात यावं म्हणून आधी सांगून टाकतो.

माझी नात सात वर्षांची आहे आणि तिला दुधाची अॅलर्जी आहे. “म्हणजे दूध पचत नाही ना?” हा प्रश्न माझ्या लेकीला इतक्या वेळा विचारला गेलाय की हल्ली ती उत्तर देताना श्वाससुद्धा घेत नाही. ज्याला दूध पचत नाही त्याला दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, सोसत नाही. त्याचं पोट बिघडतं, हाल होतात, पण जीव जात नाही. हिचं शरीर दुधातल्या प्रथिनांवर, केसीन आणि व्हे यांच्यावर, शत्रू समजून तुटून पडतं. लॅक्टोज-फ्री दुधात ही प्रथिनं तशीच असतात, त्यामुळे ते हिला साध्या दुधाइतकंच घातक.

गेल्या महिन्यात आम्ही तिला थीम पार्कला नेलं. तिथला नकाशा तिने आठवडाभर आधीच पाठ केला होता. दोन डबे बरोबर होते, एक दुपारचा, एक संध्याकाळचा. गेटवर “बाहेरचं खाणं आत नेता येणार नाही”. लेकीने डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. गार्डने सुपरवायझरला बोलावलं, सुपरवायझरने कोणाला तरी फोन लावला, आणि पंचवीस मिनिटांनी तोडगा निघाला: एक डबा आत, एक बाहेर. “एक पुरेल की लहान मुलीला!” सुपरवायझर तसा सौम्य माणूस होता. दुसरा डबा गाडीत गेला. भर उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या शिजवलेल्या अन्नाचं चार वाजेपर्यंत काय होतं, हे मला कोणी सांगायला नको.

अॅड्रेनलिनची दोन पेनं, म्हणजे अॅलर्जीचा जोराचा झटका आला की लगेच टोचायची तयार इंजेक्शनं, मात्र लेकीच्या कमरेच्या पाऊचमध्ये. ती गाडीत तापू द्यायची नसतात आणि डब्यातल्या बर्फाच्या पिशवीला चिकटवूनही ठेवायची नसतात. २५ अंशांच्या आसपास बरी राहतात. प्रत्येक राइडपाशी “पाऊच लॉकरमध्ये ठेवा” हा आग्रह. लॉकर एका टोकाला, राइड दुसऱ्या टोकाला. म्हणून आमच्यातलं एक माणूस कायम पाऊच घेऊन खाली उभं. मला चक्कर येते, त्यामुळे ही ड्युटी बहुतेक माझीच.

चारच्या सुमारास पोरीला भूक लागली. लेक म्हणाली, बाहेर पडून काहीतरी बघू. मी म्हणालो, थांब, मी विचारून येतो, आपलं आयुष्य याच्यातच गेलंय.

फ्राइजच्या काउंटरवर एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा होता. मी विचारलं, “या तेलात आणखी काय तळता?” “फक्त फ्राइज, आजोबा. चीज बॉल तिकडच्या फ्रायरला.” मी वाकून पाहिलं. खरंच दोन फ्रायर होते, जाळ्या वेगळ्या, झारे वेगळे. तेलाचा रंगही सांगत होता की ते बदलून फार वेळ झालेला नाही. मी त्याला शाबासकी दिली. बटाटा, तेल, मीठ. यात दूध येणार कुठून? फ्राइज मीच विकत घेतल्या आणि मीच तिच्या हातात दिल्या.

सहा-सात खाऊन झाल्या असतील. “आबा, जीभ चुरचुरतेय.” मग ओठांभोवती गांधी उठल्या, मग खोकला सुरू झाला, आणि मग तिचा आवाज बसला. सर्दीत होतो तसा. एरवी अखंड बडबडणारी पोर एकदम गप्प झाली. लेकीने एक क्षण घालवला नाही. पेन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनच. नात २१ किलोची आहे, तिच्यासाठी ०.१५ मिलिग्रॅमचं पेन. मी तिला कडेवर घेऊन प्रथमोपचार खोलीकडे पळणार होतो. लेक ओरडली, “बाबा, तिला उभी करू नका!” अशा वेळी रक्तदाब कोसळलेला असू शकतो, आणि माणसाला एकदम उभं केलं की हृदयाकडे पुरेसं रक्त पोचत नाही. तिला जमिनीवर निजवलं, पाय पिशवीवर उंच ठेवले. प्रथमोपचारवाले व्हीलचेअर आणि खाजेवरचं सिरप घेऊन आले. त्या सिरपने गांधी बसतात. आवळत चाललेला घसा मोकळा होत नाही. पाच ते पंधरा मिनिटांत फरक पडला नसता तर दुसरं पेन द्यायचं होतं. ते द्यावं लागलं नाही. इस्पितळात रात्रभर ठेवून घेतलं, कारण हा त्रास काही तासांनी उलटून येऊ शकतो. आता ती ठणठणीत आहे. राहिलेल्या दोन राइडचा हिशोब अजून मागते आहे.

अॅम्ब्युलन्सची वाट बघत होतो तेव्हा तो काउंटरवरचा मुलगा धावत आला. हातात फ्राइजच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा होता. डीप फ्रीझरमधून खोकं ओढून त्याने तो फाडून आणला होता. माझ्याहून तोच जास्त पांढरा पडला होता. पुठ्ठ्यावर घटकांची यादी: बटाटा, तेल, तांदळाचं पीठ, आणि चौथ्या ओळीत दूध घनपदार्थ. कुरकुरीतपणा टिकावा म्हणून फ्राइजना पातळ लेप देतात, त्या लेपात. तळल्यानंतर तो डोळ्यांना दिसत नाही.

आमच्याकडे बटाटे पोत्यातून यायचे. मी पोत्याच्या काळातला प्रश्न विचारला, तेलाचा. मुलाने त्याचं खरं उत्तर दिलं. खोक्याचा प्रश्न मी विचारला नाही, आणि खोक्यावरचं वाचायचं असतं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. खोकं त्याच्या पाठीमागे दहा पावलांवर होतं.

दुसऱ्या दिवशी पार्कच्या मॅनेजरचा फोन आला. माणूस मनापासून वाईट वाटून बोलत होता. पुढच्या वेळी खास लॅक्टोज-फ्री आइस्क्रीम मागवून ठेवतो म्हणाला. मी फोन लेकीकडे दिला.

आता मुद्द्याचं. युरोपीय संघात १३ डिसेंबर २०१४ पासून उपाहारगृहात वाढलेल्या सुट्या पदार्थातही १४ ठरावीक अॅलर्जीकारक घटकांपैकी काय आहे, हे सांगावंच लागतं. ब्रिटनमधली १५ वर्षांची एक मुलगी २०१६ साली बगेट, म्हणजे लांबट पावाचं सँडविच, खाऊन दगावली. तीळ कणकेतच मळलेले होते, वरून दिसत नव्हते आणि पाकिटावर लिहिलेले नव्हते. तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा तिथे ऑक्टोबर २०२१ मध्ये लागू झाला. पण नुसत्या कायद्यावर विसंबू नये, हेही खरं. अमेरिकेत २०२३ पासून पाकिटावर तीळ जाहीर करणं सक्तीचं झालं, तर चुकून तीळ मिसळू नयेत म्हणून करावी लागणारी साफसफाईची कटकट टाळायला काही बेकऱ्यांनी ब्रेडमध्ये मुद्दाम तिळाचं पीठ घालून तसं छापून टाकलं. कागद चोख झाला, आणि तिळाची अॅलर्जी असलेल्यांचा ब्रेड गेला.

म्हणून माझं मागणं फार छोटं आहे. पार्कवाल्यांनी येणाऱ्या प्रत्येक खोक्याचा घटकांचा पुठ्ठा कात्रीने कापावा आणि काउंटरच्या काचेवर लावावा. पुरवठादार बदलला की पुठ्ठाही बदलावा. त्याच नावाच्या फ्राइजमध्ये काल दूध नव्हतं म्हणून आज नसेल असं नाही. याला ना छपाई लागते, ना आहारतज्ज्ञ. गर्दीच्या वेळी काउंटरवरच्या पोरांना “माहीत नाही, बघून सांगतो” म्हणायची मुभा असावी, आणि त्यासाठी रांग खोळंबली तर त्यांना बोलणी बसू नयेत. हे मी कोणत्या तोंडाने म्हणतोय ते मला ठाऊक आहे. माझ्या कँटीनमध्ये कोणी “यात शेंगदाणे आहेत का?” विचारलं, तर मी मान वर न करता “नाही हो, काही नाही” म्हणायचो. कधी कधी खरंच नसायचे.

आणि डॉक्टरांची चिठ्ठी असलेल्या मुलाचे डबे, एक असो की तीन, गेटवरून मुकाट्याने आत सोडावेत. खाण्याच्या विक्रीचं गणित मला कळतं. या मुलांच्या डब्यांनी ते बिघडत नाही.

तो पुठ्ठा मी जपून ठेवला आहे. मुलाचं नाव विचारायचं राहून गेलं. लेक मला काही बोलली नाही, पण परवा घरी आणलेलं बिस्किटांचं पाकीट तिने माझ्या हातात दिलं आणि त्यावरचं सगळं, चष्मा लावून, मोठ्याने, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला लावलं.

आपला,
एक निवृत्त कँटीन मॅनेजर
(नाव आणि पत्ता आपल्याकडे दिला आहे.)