प्रवाळ म्हणजे कुंडीतलं रोप नव्हे

‘प्रवाळांचं यशस्वी पुनर्रोपण’ ही तुमच्या पेपरातली बातमी वाचली, बरं वाटलं, पण अर्धीच गोष्ट सांगितलीत. 2020 मध्ये मुंबईच्या कोस्टल रोडसाठी हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या 18 प्रवाळ वसाहती (म्हणजे खडकाला चिकटून एकत्र राहणाऱ्या इवल्या समुद्री जीवांचे पुंजके) दुसरीकडे हलवल्या, कायद्यात वाघाइतकंच संरक्षण प्रवाळालाही आहे म्हणून परवानग्याही घ्याव्या लागल्या, ते सगळं ठीक. पण तुकडा नव्या खडकावर बसवला की काम संपलं असं नाही ना, वरून गाळ साचला की आतला जीव गुदमरतो, आणि ओहोटीला खाली उतरून बघा, खडकाला प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळलेल्या असतात! दरवर्षी तपासणी करून फोटोसकट रिपोर्ट लोकांसमोर ठेवा की, किती जगले किती मेले ते कळू दे.

– एक वाचक, दादर