बाई, त्या पाच फुलस्केपांबद्दल

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

निरोप समारंभाला तुम्ही शाल-श्रीफळ नको म्हणालात, भाषणं नको म्हणालात, आणि मी माइकपाशी पोचेपर्यंत "भजी निवताहेत" म्हणून सगळ्यांना उठवलंत. माझं बोलायचं राहूनच गेलं. म्हणून आता हे असं चारचौघांत लिहितेय. राग आला तर फोन करा, त्या निमित्तानं आवाज तरी ऐकायला मिळेल.

2012 ची दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. माझं नोकरीचं दुसरं वर्ष. मधल्या सुट्टीत तुम्ही डब्यांच्या मधून पाच फुलस्केप कागद माझ्याकडे सरकवलेत. "अगं, भाचीनं उतरवून दिलेत, पोरांचे निबंध आहेत. दहापैकी गुण दे बरं. माझा माझ्यावरच भरवसा राहिला नाही." विषय 'पावसाळ्यातील एक दिवस'. कुणाच्या शाळेतले, हे तुम्ही सांगितलं नाहीत आणि मीही विचारलं नाही. भाकरीचा तुकडा एका हातात नि लाल पेन दुसऱ्या हातात, अशी मी तपासायला बसले.

पहिल्या निबंधात काळेकुट्ट ढग होते, विजांचा कडकडाट होता, मातीचा सुगंध होता आणि शेवटी पिसारा फुलवून नाचणारा मोर होता. मी हसून सहा दिले. तिसऱ्यात घराचं छत गळत होतं. त्या मुलानं लिहिलं होतं : 'आजी भांडी मोजते. परवा सात लागली, काल नऊ. कळशी सगळ्यात शेवटी लावते, नाहीतर प्यायचं पाणी कशात ठेवायचं.' शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. तरी मी आठ दिले आणि समासात 'छान निरीक्षण' असं लिहिलं.

मग तुम्ही कपाटातून आठवी ब चा गठ्ठा काढलात. माझाच, पहिल्या सत्राचा, दिवाळीत घरी बसून तपासलेला. मोर होता पहिल्या बाकावरच्या माझ्या लाडक्या मुलीचा. तिला मी नऊ दिले होते. भांडी होती शेवटच्या बाकावरच्या, खिडकीतून बाहेर बघणाऱ्या त्या मुलाची. त्याला चार. खाली माझ्याच अक्षरात : 'अक्षर सुधार.'

गुणांतला फरक मी एकवेळ पचवला असता. मला लागलं ते वेगळंच. ती कळशी माझ्या लक्षात राहायला हवी होती. महिन्याभरापूर्वी वाचलेली कळशी, ती अशी विसरते का माणूस? विसरलेच नव्हते, कारण तेव्हा मी ती वाचलीच नव्हती. वर नाव बघितलं, अक्षर बघितलं आणि माझे गुण तिथंच देऊन झाले होते.

चार दिवस मी तुमच्याशी बोलले नाही, हे तुम्हाला आठवत असेलच. खुर्चीसुद्धा बदलली. माझ्या मते तुम्ही मला सगळ्यांसमोर उघडं पाडलं होतंत. (सगळे म्हणजे कोण, तर तुम्ही, मी आणि झोपलेले पीटीचे सर.) पाचव्या दिवशी तुम्हीच आलात आणि म्हणालात, "मला अक्षर सुंदर असलं की दोन गुण जास्त द्यायची खोड होती. ते कळायला मला अकरा वर्षं लागली. तुला दुसऱ्याच वर्षी कळलं, तर रडतेस कशाला?"

त्यानंतरच्या गठ्ठ्यापासून मी तुमच्या पद्धतीनं तपासायला लागले. नावाच्या जागेवर वर्तमानपत्राची पट्टी आणि वर क्लिप. एका मुलाचा पेपर सलग तपासायचा नाही, आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग गठ्ठा खालीवर करून सगळ्यांचा दुसरा. वेळ लागतो, मान दुखते, आणि अक्षरावरून पोरं ओळखू येतातच. पण पहिलं उत्तर चांगलं लिहिलं म्हणून पाचव्याला उगाच झुकतं माप, हे थांबलं. पुढे एका प्रशिक्षणासाठी वाचताना थॉर्नडाइक हे नाव भेटलं. 1920 साली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं दाखवलं होतं की, लष्करी अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांची बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, चारित्र्य असं वेगवेगळं मोजतात खरे, पण एकात जो वर तो बहुतेक सगळ्यातच वर निघतो. त्याला त्यानं 'हेलो', म्हणजे तेजोवलय म्हटलं. मला मात्र ते वाचताना तो मोरच दिसत होता.

नोंदवहीचं प्रकरण त्याहून वाईट. वर्णनात्मक नोंदींत मी त्याच मुलाबद्दल लिहिलं होतं, 'गृहपाठ नेहमी अपूर्ण, अभ्यासात लक्ष नाही.' तुम्ही विचारलंत, "नेहमी म्हणजे किती वेळा?" मी ठसक्यात म्हटलं, "बघा ना वही!" तुम्ही बघितलीत. जून ते सप्टेंबर चौदा गृहपाठ, त्यातले तीन अपूर्ण. बाकीच्या अकरा वेळी वही माझ्या टेबलावर आली होती, मी सही केली होती, तारीख घातली होती. त्या सह्यांपैकी एकही मला आठवेना. ते तीन दिवस मात्र वारासकट पाठ होते. 'नेहमी' आणि 'कधीच' हे शब्द नोंदवहीत लिहायचे नाहीत, असं तुम्ही बजावलंत. घरात नवऱ्याशी बोलताना ते अजून मला जमलेलं नाही.

मग माझी गाडी दुसऱ्या टोकाला गेली. सगळ्यांना 'उत्तम', 'छान प्रगती', आणि त्या मुलाला तर हात सैल सोडून गुण. मला वाटलं, आता तुम्ही खूश व्हाल. तुम्ही उलट भडकलात. "याचं काही होणार नाही आणि याचं सगळं छान होईल, दोन्हीत तू पोराकडं बघतच नाहीस. त्याला ऱ्हस्व-दीर्घ येत नाही, ते त्याला कोण सांगणार?"

मी बी.एड.मध्ये पाठ केलेला रोझेन्थल आणि जेकबसन यांचा 1968 चा अभ्यास तुमच्या तोंडावर फेकला. कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना सांगितलं गेलं की, ही अमुक मुलं यंदा चमकणार आहेत. नावं खरं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढलेली होती. तरी वर्षअखेर पहिली-दुसरीतली ती मुलं इतरांपेक्षा पुढे गेलेली दिसली. म्हणजे आशा ठेवली की पुरे! तुम्ही शांतपणे विचारलंत, "आणि वरच्या वर्गांत?" वरच्या वर्गांत विशेष फरक दिसला नव्हता, आणि पुढे त्या निष्कर्षांवर बरेच वाद झाले. पाच गुणांच्या टीपेत मी तेवढा भाग लिहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसलात. तास संपल्यावर एवढंच म्हणालात, "त्या मुलीला प्रश्न विचारून मनातल्या मनात चार आकडे होईपर्यंत थांबलीस. त्याच्यापाशी एक झाला की पुढच्याकडे वळलीस. आशा ठेवायचीच असेल तर तिथं ठेव." तेव्हापासून वर्गात प्रश्न विचारला की मी टेबलाखाली बोटं मोजते. तिसऱ्या-चौथ्या बोटाला उत्तर येतं, कधी कधी चुकीचं. पण येतं.

त्या मुलाला 2015 मध्ये दहावीला 61 टक्के मिळाले. मराठीत 74. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, बारकोड असतो.

हे सगळं आत्ताच आठवायचं कारण म्हणजे जूनमध्ये आमच्याकडे एक नवे सर आलेत. चांगले आहेत, तळमळीचे आहेत, आणि परवा स्टाफरूममध्ये आठवी ब ची यादी बघून म्हणाले, "यातली पाच सोडली तर बाकी आनंदच आहे." मी काही बोलले नाही. त्यांच्या गठ्ठ्यातले पाच निबंध मागून घरी आणलेत. सर माझं अक्षर ओळखतात आणि तुमच्यासारखी भाची मला नाही, म्हणून लेकीला कामाला लावलंय. ती समोरच बसलीय, तिसऱ्या कागदावर आहे. मघाशी म्हणाली, "आई, यानं 'पाउस' लिहिलंय. नीट करू का?"

"नको," म्हटलं, "आहे तसं लिही."

तुमची,
खिडकीजवळच्या खुर्चीवरची