सूचना : न्यू यॉर्क राज्याची सौर करसवलत

न्यू यॉर्क राज्यातील सर्व सभासदांस कळविण्यात येते की, घरगुती सौरयंत्रणेवरील ३० टक्क्यांची फेडरल करसवलत ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चास मिळत नसली, तरी राज्याची सवलत तिच्यापासून स्वतंत्र आहे. ती पात्र खर्चाच्या २५ टक्के, परंतु जास्तीत जास्त ५,००० डॉलर इतकी असून, यंत्रणा आपल्या मुख्य निवासस्थानी बसविलेली असावी लागते. यंत्रणा ज्या वर्षी कार्यान्वित झाली, त्या वर्षीच्या विवरणपत्रास ‘आयटी-२५५’ हा फॉर्म जोडावा.

ही रक्कम देय करातून वजा होते, रोख परत मिळत नाही. मात्र उरलेली सवलत पुढील पाच वर्षांत वापरता येते, आणि हे ठाऊक नसल्याने कोणाचेही हक्काचे पैसे वाया जाऊ नयेत, अशी आमची मनापासून इच्छा आहे. किमान दहा वर्षांच्या कराराने भाड्याने घेतलेली यंत्रणाही पात्र ठरते. सहकारी गृहसंस्थेतील किंवा कॉन्डोमिनियममधील सभासदांना इमारतीच्या खर्चातील आपल्या वाट्यावर दावा करता येतो. करमुक्त अनुदान मिळाले असल्यास ते खर्चातून आधी वजा करावे.

विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबून करारावर सही करू नये, ही आग्रहाची विनंती.