पाना लावण्याआधी बकेट टेकवा

महोदय,

सांगली-मिरज भागात जेसीबीची दुरुस्ती बरेचदा रस्त्याकडेलाच उरकतात, तीही बूम (बकेट उचलणारा हात) अधांतरी ठेवून. इंजिन बंद केले तरी सिलिंडरमधल्या तेलाचा दाब उतरत नाही. आधी बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर सगळ्या दिशांना हलवा (पायलट लिव्हर, म्हणजे कमी दाबाच्या तेलावर चालणारे, असतील तर चावी ऑन ठेवून), मगच होज (तेलाची नळी) खोला.

गळती बोटाने चाचपण्याची खोड तर फार वाईट. पुठ्ठा धरावा. २०० बारच्या (हवेच्या दाबाच्या सुमारे २०० पट) आसपासच्या दाबाचे तेल टाचणीएवढ्या छिद्रातून थेट कातडीत घुसते. वरून मुंगी चावल्यासारखे दिसते, म्हणून मलमावर भागवतात. आत मात्र मांस सडते आणि बोट जाते. ताबडतोब शस्त्रक्रिया लागते. मिरजेत मोठी रुग्णालये आहेतच; तिथे ‘दाबाचे हायड्रॉलिक तेल आत गेलंय’ असे स्पष्ट सांगावे.

– एक मेकॅनिक, कुपवाड