कापायचं काम तुम्ही केलंत, मग मापाची जबाबदारी कुणाची?

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: क्विल्टिंगसाठी घेतलेल्या ५ इंची तयार चौकोनांचं चुकीचं माप, कापडातली भेसळ आणि नाकारलेला परतावा.

महोदय / महोदया,

तुमच्या संकेतस्थळावरून मी सांगानेरी आणि बगरू छपाईच्या सुती चौकोनांची तीन पाकिटं मागवली. एका पाकिटात ४२ चौकोन, किंमत ६५० रुपये. पाकिटावर ठळक अक्षरांत छापलंय: '५ इंच बाय ५ इंच, १०० टक्के कॉटन, कापायची कटकट नाही, थेट शिवायला घ्या.' भाचीच्या मुलीसाठी १२ बाय १० चौकोनांची गोधडी करायची होती. थेट शिवायला घेतली. दुसरी ओळ पहिलीपेक्षा चांगली इंचभर आखूड भरली.

मग उरलेले चौकोन कटिंग मॅटवर टाकून मोजले. कडा दातेरी आहेत, त्याबद्दल तक्रार नाही, त्यामुळे दशा कमी सुटतात. पण काही चौकोन दाताच्या टोकापासून टोकापर्यंत ५ इंच आहेत आणि काही खाचेपासून खाचेपर्यंत. काही तर एका बाजूने ५ आणि दुसऱ्या बाजूने पावणेपाच. एका चौकोनात एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा फरक म्हणजे काहीच नाही असं तुमच्या माणसाने फोनवर सांगितलं. बारा चौकोनांच्या ओळीत बारा सूत होतात, म्हणजे दीड इंच. क्विल्टमध्ये शिवणच मुळात दोन सुतांची, म्हणजे पाव इंचाची धरतात. त्यातलं एक सूत कापतानाच गेलं तर शिवणीत धरायला उरतं काय?

बरेच चौकोन तिरकेही कापले आहेत. असा चौकोन दोन्ही हातांत धरून सरळ कडेने ओढला की रबरासारखा लांबतो. उभा-आडवा धागा नीट धरून कापलेलं कापड असं ताणलं जात नाही. मीटरवर कापड घेतलं की काठ बघून धागा कळतो. तुमच्या पाकिटात काठच नसतो, तेव्हा धागा बघायचं काम तुमचंच.

आता '१०० टक्के कॉटन'बद्दल. एकाच पाकिटात कॅम्ब्रिक (घट्ट विणीचं सुती कापड) आणि पातळ मलमल शेजारी शेजारी घातलीय. मलमल कॅम्ब्रिकला जोडली की शिवणीला चुण्या पडतात, इस्त्री फिरवूनही बसत नाहीत. निळ्या बुट्टीच्या चौकोनाचा स्पर्श वेगळाच लागला म्हणून त्याचे चार धागे काढून पेटवले. सूत कागदासारखं जळतं आणि चिमटीत राख होते. यातले दोन धागे वितळले आणि टोकाला काळी, टणक गोळी राहिली. हे पॉलिएस्टर आहे. फोटो जोडला आहे.

रंगाचंही तेच. लाल छपाईचा एक चौकोन ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून ठेवला, रुमाल गुलाबी झाला. आमच्याकडच्या जुन्या गोधड्या लुगड्या-धोतरांच्या असत. ते कापड इतक्यांदा धुतलेलं की आटायचं ते आटलेलं आणि रंग जायचा तो गेलेला. नवं कापड मीटरवर आणलं तर मी आधी भिजवते, वाळवते, मगच कापते. ५ इंची तुकडा भिजवला तर दशा सुटतात आणि आटला की माप गेलं. तयार चौकोन घेणाऱ्याला हा मार्गच उरत नाही. म्हणून कापण्याआधी धुणं आणि रंग तपासणं हे विकणाऱ्याच्या अंगावर येतं.

तरीही मी ही पाकिटं घेते, कारण त्यांचा उपयोग मला माहीत आहे. एका गोधडीत चाळीस तऱ्हेची छपाई हवी असेल तर मीटरवर घेणं कुणाला परवडणार? दुकानदार अर्ध्या मीटरच्या खाली कापून देत नाही आणि उरलेले कापड कपाटात साचत राहतं. मनगट दुखत असेल त्या बाईला तर रोटरी कटर (गोल पात्याचं कापायचं हत्यार) फिरवण्यातून सुटका हीच मोठी सोय. या सोयीसाठीच जास्त पैसे मोजले. तिन्ही पाकिटांचं कापड एकत्र केलं तर ४४ इंच पन्ह्याचं दोन मीटरही भरत नाही. तीच छपाई तुमच्याकडे मीटरला २४० रुपये आहे. म्हणजे कापडाचे पावणेपाचशेसुद्धा नाहीत आणि मी दिले १९५०. वरचे पैसे मापाचे आणि निवडीचे होते, आणि नेमकं तेच मिळालेलं नाही.

यावर तुमचं उत्तर आलं: 'कट पीस परत घेतले जात नाहीत.' हा नियम मी सांगून कापून घेतलेल्या कापडाला ठीक आहे. इथे कात्री तुमची होती. 'शिवण्याआधी मोजून बघायला हवं होतं' हेही ऐकवलंत. मग 'थेट शिवायला घ्या' हे पाकिटावर कशाला छापता?

माझ्या मागण्या:

तीन पाकिटांचे १९५० रुपये आणि घरपोच पाठवण्याचा खर्च परत करावा. शिवलेले-न शिवलेले सगळे चौकोन ठेवले आहेत, तुमच्या खर्चाने घेऊन जावेत. ५ इंच हे टोकापासून आहे की खाचेपासून, हे पाकिटावर छापावं. मलमल आणि कॅम्ब्रिक वेगळ्या पाकिटांत द्यावी, कापड धुऊन कापलंय की कोरं ते लिहावं, आणि पॉलिएस्टर मिसळलेल्या मालावरून '१०० टक्के कॉटन' काढावं.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. तिथे एवढ्या रकमेच्या दाव्याला शुल्कही लागत नाही.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, मॅटवर मोजलेल्या चौकोनांचे, जळलेल्या धाग्यांचे आणि रुमालाचे फोटो, तुमच्या उत्तराची प्रत.